छायाचित्राची भीड आणि तिचें स्तोम

आपल्या सुशिक्षित समाजांत हल्लीं एक वाक्य मोठ्या प्रतिष्ठेनें उच्चारलें जातें : "मला फोटो काढून घेणें मुळींच आवडत नाहीं." बोलणाराच्या स्वरांत तक्रारीपेक्षां प्रौढीच अधिक असते. ऐकणारेही संमतिदर्शक मान हालवितात, आणि समारंभांत जो मनुष्य स्वस्थपणें कॅमेऱ्यासमोर उभा राहिला तो उगीचच कांहींसा उथळ ठरतो. ज्या दिवसांत प्रत्येकाच्या खिशांत चित्रयंत्र आहे आणि जेवणाचें ताटसुद्धां चित्र काढून झाल्यावांचून उष्टावलें जात नाहीं, त्या दिवसांत असा कोणी पाठमोरा झालेला दिसला म्हणजे त्याच्याविषयीं आदर वाटावा हें स्वाभाविक आहे. परंतु स्वाभाविक वाटणारी प्रत्येक गोष्ट खरी नसते. छायाचित्रापुढील भीड हा विनयाचा प्रकार आहे, आपल्या संस्कृतीचा तो वारसा आहे, आणि म्हणून ती जपली पाहिजे, हें मत आम्हांस चुकीचें वाटतें. इतकेंच नव्हे, तर त्यानें कित्येकांचें, विशेषतः घरोघरच्या स्त्रियांचें, कायमचें नुकसान झालें आहे असें आमचें म्हणणें आहे.

प्रथम वादाचें क्षेत्र आंखून घेऊं. नकार आणि भीड या दोन वस्तु निरनिराळ्या आहेत व या विषयावरील बहुतेक गोंधळ त्यांची सरमिसळ केल्यानें होतो. एखादी स्त्री "माझें चित्र काढूं नका" असें विचारपूर्वक सांगते. कारण तें चित्र कोठें जाईल व कोणाच्या हातीं पडेल याचा तिला भरंवसा नसतो. तिचा नकार सर्वस्वीं योग्य आहे, आणि तो न जुमानतां चित्र काढणारा मनुष्य असभ्य आहे. एखाद्यास आपल्या धर्मसमजुतीमुळें चित्र नको असेल, तर तोही त्याचा हक्क आहे. यांच्याशीं आमचा वाद नाहीं. भीड याहून अगदीं निराळी. भिडस्त मनुष्यास चित्र मनांतून हवें असतें. तो मंडळी जमेपर्यंत घोटाळतो, यंत्र उगारलें गेलें कीं मागच्या रांगेंत दडतो, तोंडापुढें हात धरतो किंवा नेमके डोळे मिटतो. आणि मागाहून तेंच चित्र हातोहात फिरूं लागलें म्हणजे आपण त्यांत धड नाहीं म्हणून खट्टू होतो. नकार देणारा आपली इच्छा पाळीत असतो. भिडस्त आपली इच्छा मोडीत असतो. ज्यानें मनुष्य स्वतःच्याच इच्छेविरुद्ध वागतो त्याला सद्गुण कसें म्हणावें?

या भिडेस आरंभीं सबळ कारणें होतीं हें आम्ही नाकारीत नाहीं. १८३९ सालीं पॅरिस येथें दागेर याची रीत जाहीर झाली, त्या वेळीं भर उन्हांतही कित्येक मिनिटें निश्चळ बसावें लागे. मान हालूं नये म्हणून पुढें डोक्यामागें लोखंडी आधार लावण्याची पद्धत पडली. जुन्या चित्रांतील आपले पूर्वज जे इतके उग्र दिसतात त्याचें श्रेय त्यांच्या स्वभावापेक्षां या आधाराकडे अधिक जातें. मुंबईस १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली व डॉ. नारायण दाजींसारखे देशी गृहस्थ तींत होते. म्हणजे ही कला आपल्याकडे उशिरां आली असें नाहीं. परंतु ती ज्या रूपानें सामान्य माणसापुढें आली तें रूप विश्वास वाटण्याजोगें नव्हतें. १८६८ ते १८७५ या काळांत सरकारनें 'पीपल ऑफ इंडिया' या नांवाचे आठ खंड प्रसिद्ध केले. त्यांत जातिजमातींचे नमुने म्हणून माणसांचीं चित्रें चिकटविलीं आहेत आणि खालीं त्यांचा स्वभाव, इमान व उपद्रव यांविषयीं अभिप्राय नोंदविले आहेत. संग्रहालयांतील फुलपांखराला जी वागणूक मिळते तीच ज्यांस मिळाली, तीं माणसें यंत्रापुढें आखडलीं तर नवल काय? चित्र काढल्यानें आयुष्य कमी होतें ही समजूतही तेव्हां सर्वत्र होती. दादासाहेब फाळके बडोद्यास छायाचित्रकाराचा धंदा करूं लागले तेव्हां याच समजुतीमुळें गिऱ्हाईक मिळेना, असें त्यांच्या चरित्रांत सांगितलें जातें.

पण आजच्या भिडेचा या इतिहासाशीं संबंध जोडणें म्हणजे उसनी प्रतिष्ठा आणणें होय. आयुष्य कमी होण्याची भीति आतां उरली नाहीं. सत्तेच्या नजरेविरुद्ध हा निषेध आहे म्हणावें, तर त्याची परीक्षा सोपी आहे. आधारपत्राच्या केंद्रांत, पारपत्राच्या कचेरींत, बँकेच्या खिडकीपाशीं हाच भिडस्त मनुष्य निमूटपणें स्टुलावर बसतो, सांगितल्याप्रमाणें हनुवटी उचलतो, आणि जें चित्र निघेल तें मुकाट्यानें पत्करतो. सरकारपुढें ज्याची भीड चेपते आणि बहिणीच्या, मित्राच्या, स्वतःच्या लेकराच्या हातांतील यंत्रापुढें जी उफाळून येते, तिला निषेध म्हणणें हा शब्दांचा अपमान आहे. परिणाम मात्र असा होतो कीं, ज्या चित्रांवर आपली सत्ता नसते तेवढींच आपल्यामागें उरतात.

मग ही भीड आहे तरी काय? डार्विननें १८७२ सालीं मनुष्य व इतर प्राणी यांच्या मनोविकारांच्या आविष्कारावर ग्रंथ लिहिला. ज्या आरंभींच्या ग्रंथांनीं छायाचित्रांचा पुराव्यासारखा उपयोग केला त्यांत याची गणना होते. त्यांत लाजेनें चेहरा लाल होण्याचा विचार करतांना तो अशा निर्णयास येतो कीं, केवळ स्वतःचा विचार केल्यानें हें घडत नाहीं. दुसरे आपल्याविषयीं काय विचार करीत असतील या विचारानें तें घडतें. हा निर्णय आमच्या वादाचा कणा आहे. विनय म्हणजे स्वतःचें महत्त्व बेतानें मानणें. भीड म्हणजे आपल्या नाकाकडे, केसांकडे, पोटाकडे सर्व जगाचें लक्ष लागलें आहे अशी खात्री बाळगणें. वीस माणसांच्या चित्रांत प्रत्येक पाहणारा प्रथम स्वतःला शोधतो, व स्वतः बरा दिसत असल्यास चित्र चांगलें आलें म्हणतो. म्हणजे इतर एकोणीस जणांची भीड वायांच जाते. तिघा मानसशास्त्रज्ञांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतींत मासलेवाईक आहे. ज्याचें चित्र अंगावर मिरविण्यास तरुणांस ओशाळें वाटेल अशा एका गायकाचें चित्र असलेला सदरा घालून विद्यार्थ्याला भरल्या खोलींत पाठविलें. निम्म्या मंडळींनीं तें चित्र ओळखलें असेल असें त्याला वाटलें. प्रत्यक्षांत तें चौथाई लोकांच्याही ध्यानांत आलें नव्हतें. जो स्वतःकडे वळलेल्या डोळ्यांची संख्या दुप्पट मोजतो त्याला नम्र म्हणावयाचें असेल, तर नम्रतेची व्याख्याच बदलली पाहिजे.

"पण मी फोटोंत खरोखरच बरा दिसत नाहीं," हा यावर नेहमींचा जबाब. त्यांतही तथ्य थोडें आणि गैरसमज फार. आपला चेहरा आपण जन्मभर आरशांत पाहतों, आणि आरसा डाव्याचें उजवें करतो. कोणाचाच चेहरा दोहों बाजूंनीं सारखा नसतो. त्यामुळें छायाचित्रांत जो गृहस्थ दिसतो तो आपल्या परिचयाचा नसतो. १९७७ सालीं अमेरिकेंत कांहीं स्त्रियांस त्यांच्याच चेहऱ्याचीं दोन चित्रें दाखविण्यांत आलीं : एक सरळ व एक आरशांतल्याप्रमाणें उलटें. बहुतेकींस स्वतःचें उलटें चित्र पसंत पडलें. त्यांच्या मैत्रिणींस मात्र सरळच अधिक आवडलें. याचा अर्थ स्पष्ट आहे. ज्या चित्राची आपण किळस करतों तोच चेहरा आपल्या माणसांना रोज दिसतो, आणि त्यांचें प्रेम बसलें आहे तें त्याच्यावर. दुसरी गोष्ट भिंगाची. हात लांब करून स्वतःच काढलेल्या चित्रांत भिंग चेहऱ्यापासून जेमतेम फूटभर अंतरावर असतें, आणि जवळचा अवयव मोठा दिसणें हा दृष्टीचा नियम आहे. अमेरिकेंतील वैद्यांनीं २०१८ सालीं हिशेब मांडून दाखविलें कीं, बारा इंचांवरून काढलेल्या चित्रांत नाकाची रुंदी पांच फुटांवरून काढलेल्या चित्राहून सुमारें तीस टक्क्यांनीं अधिक भासते. अशीं चित्रें पाहून नाक कापून घेण्यास शस्त्रवैद्याकडे जाणाऱ्यांनीं आधीं चार पावलें मागें सरून पाहावें!

संस्कृतिवाद्यांचा आवडता आधार संतांचा आहे. ज्ञानेश्वरांनीं स्वतःचें चित्र ठेविलें नाहीं, तुकोबांनीं ठेविलें नाहीं. तेव्हां चित्राची हांव हें पाश्चात्त्यांचें वेड आहे, असें ते सुचवितात. ज्या काळीं यंत्रच नव्हतें त्या काळच्या पुरुषांच्या अंगीं यंत्राचा तिटकारा चिकटविणें हा न्याय विलक्षण खरा! आणि या अभावानें साधलें तें काय? समाज चित्रावांचून राहिला नाहीं. त्यानें आपल्या कल्पनेनें चित्रें तयार केलीं, छापखान्यांनीं तीं दिनदर्शिकांवर घरोघर पोंचविलीं, आणि आज त्या कल्पित मुद्रांपुढेंच आपण हात जोडतों. शिवाजीमहाराजांच्या बाबतींत तर याहून विपरीत घडलें. त्यांचीं समकालीन चित्रें परदेशच्या संग्रहांत होतीं, परंतु वा. सी. बेंद्रे यांनीं पुराव्यानिशीं खरें चित्र पुढें आणीपर्यंत दुसऱ्याच एका सरदाराचें चित्र महाराजांचें म्हणून येथें छापलें जात होतें. खरें चित्र समोर नसलें कीं ती जागा रिकामी राहत नाहीं; तेथें खोटें चित्र येऊन बसतें. संस्कृतीचा अभिमान ज्यांस आहे त्यांनीं याची खंत बाळगावयाची कीं यालाच आदर्श मानावयाचें?

आमच्या परंपरेंत आदर्श शोधावयाचे तर ते निराळेच सांपडतात. १८८५ सालच्या आक्टोबर महिन्यांत फिलाडेल्फियाच्या स्त्रीवैद्यक महाविद्यालयांत तीन विद्यार्थिनींचें एक छायाचित्र काढलें गेलें. एक जपानची, एक सीरियाची आणि तिसरी आनंदीबाई जोशी. तिघी आपापल्या देशच्या पोषाखांत बसल्या आहेत. परक्या मुलुखांत, लुगडें नेसून, जगानें काय म्हणावें याचें भय न बाळगतां ती तरुणी यंत्रासमोर बसली. पुढच्या वर्षीं ती डॉक्टर झाली आणि १८८७ च्या फेब्रुवारींत, वयाची बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, पुण्यास वारली. त्या दिवशीं तिनें "मला बाई फोटोची लाज वाटते" म्हणून पाठ फिरविली असती, तर सहस्रावधि मुलींनीं आज जें चित्र पाहून धीर घेतला तें अस्तित्वांतच नसतें. फाळक्यांस १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र'च्या तारामतीसाठीं एकही स्त्री मिळाली नाहीं; उपाहारगृहांत काम करणारे अण्णा साळुंके यांस तें सोंग घ्यावें लागलें. त्यांच्या पुढील चित्रपटांत दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनीं ती कोंडी फोडली. त्यांस लोकांनीं तेव्हां निर्लज्ज म्हटलें असेल. आज आपण त्यांस आद्य म्हणतों.

डॉ. आंबेडकरांचीं छायाचित्रें आठवावीं. कोट, गळपट्टी, सरळ रोखलेली नजर. ज्या समाजानें अंगावर काय घालावें व कोणापुढें कसें उभें राहावें हें शतकानुशतकें दुसऱ्यांनीं ठरविलें, त्या समाजांतील एक पुरुष यंत्रापुढें ताठ उभा राहतो, तेव्हां तो हौस भागवीत नसतो. अमेरिकेंत गुलामगिरींतून निसटलेला फ्रेडरिक डग्लस यानेंही हेंच केलें. एकोणिसाव्या शतकांतील त्या देशचा सर्वांत अधिक वेळां छायाचित्रित झालेला पुरुष तोच असें अभ्यासक मानतात. गुलाम म्हणजे हंसतमुख सेवक, हें गोऱ्यांचें व्यंगचित्र खोडून काढण्यासाठीं तो बहुधा गंभीर मुद्रेनेंच बसे. 'पीपल ऑफ इंडिया'च्या नमुन्यांस खरें उत्तर तें हेंच. दुसऱ्यानें आपलें विकृत चित्र काढलें म्हणून चित्रच टाकावयाचें नसतें. आपलें चित्र आपल्या अटींवर काढून घ्यावयाचें असतें.

आतां घराकडे वळूं, कारण या भिडेची खरी किंमत तेथें मोजली जाते. कोणत्याही मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाचा चित्रसंग्रह उघडून पाहावा. बाप आहे, मुलें आहेत, पाहुणे आहेत, नवी मोटारही आहे. आई कोठें आहे? ती वाढीत होती. ती "माझें काय मेलीचें, मुलांचें काढा" म्हणाली. तिचा पदर ठीक नव्हता. ती घामेजली होती. असें चाळीस वर्षें चालतें. मग एके दिवशीं ती जाते, आणि दहाव्याच्या आंत भिंतीवर लावण्यास चित्र हवें म्हणून धांवाधांव होते. तेव्हां कोणाच्या तरी लग्नांतील मेळाव्यांतून तिचें तोंड कापून काढून मोठें करवितात. खांद्यावर कोणा परक्याचा हात अर्धाच राहिलेला असतो, डोळे धूसर असतात. अथवा आधारपत्रावरची ती घाबरलेली मुद्राच हार घालून मिरवावी लागते. नातवंडांच्या दृष्टीनें तीच आजी. तिच्या विनयाचें कौतुक करणाऱ्यांस आम्ही विचारतों : हा विनय तिचा होता, कीं तिच्या रूपावरून, रंगावरून, जाडीवरून घरांत झालेल्या थट्टेनें तो तिला शिकविला होता? पुरुषांच्या भिडेस आपण 'साधेपणा' म्हणतों. स्त्रियांच्या भिडेस 'मर्यादा' म्हणतों. आणि हीं गोड नांवें दिलीं कीं तिचें कारण शोधण्याची जबाबदारी टळते.

विरुद्ध पक्ष येथें सेल्फीवेड्या तरुणांकडे बोट दाखवील. आम्हांसही त्या वेडाचें प्रेम नाहीं. दिवसांत पन्नास वेळां स्वतःचें चित्र काढून त्यांतील एकोणपन्नास पुसणारा तरुण आणि एकही काढूं न देणारा त्याचा काका हे दोघे आम्हांस परस्परविरोधी वाटत नाहींत. दोघांचेंही लक्ष एकाच चेहऱ्याकडे आहे. अतिभोजनाचा दोष दाखविल्यानें उपासमारीचें समर्थन होत नाहीं.

उपाय म्हणून जें शिकविलें जातें तें बहुधा निरुपयोगी असतें. हनुवटी अशी धरा, दांत इतके दाखवा, आत्मविश्वास बाळगा, या उपदेशानें मनुष्य स्वतःकडे अधिकच पाहूं लागतो, आणि स्वतःकडे पाहणें हाच तर रोग. खरा मार्ग गांधीजींच्या चित्रांवरून दिसतो. त्यांचे पुतण्याचे चिरंजीव कनु गांधी यांस चित्रें काढण्याची परवानगी मिळाली ती तीन अटींवर : प्रकाशाचा झोत टाकावयाचा नाहीं, मुद्दाम बसवून चित्र काढावयाचें नाहीं, आणि आश्रम खर्च देणार नाहीं. १९४६ सालीं मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन बाई चरख्याजवळचें त्यांचें चित्र काढण्यास आल्या तेव्हां त्यांस आधीं सूत कांतण्यास शिकण्याची अट घालण्यांत आली. त्या प्रसिद्ध चित्रांत गांधीजी वाचीत बसले आहेत. यंत्र आहे हें त्यांस ठाऊक आहे; पण हातांतील कागद त्यांस त्याहून महत्त्वाचा वाटतो. हातांस काम आणि मनास विषय असला कीं चेहरा आपोआप आपला होतो. आईचें चित्र काढावयाचें तर तिला भिंतीशीं उभी करूं नका; ती भाजी निवडीत असतां, नातवाची वेणी घालीत असतां, वर्तमानपत्र वाचीत असतां, तिला सांगून, तिच्या संमतीनें काढा.

संमतीचा हा शब्द आम्हीं सहज घातलेला नाहीं. भीड घालविण्याची अर्धी जबाबदारी यंत्र धरणाराची आहे. राजा दीनदयाळ यांनीं १८९२ सालीं हैदराबादेस पडदानशीन स्त्रियांसाठीं स्वतंत्र चित्रशाळा काढली व ती एका इंग्रज बाईच्या हातीं सोंपविली. स्त्रियांच्या संकोचाची थट्टा न करतां त्यांनीं तशी सोय केली. आपणही तेवढें करूं शकतों. न विचारतां काढूं नये. काढलेलें आधीं त्या माणसाला दाखवावें. नको म्हटलें तर तेथल्या तेथें पुसावें. आणि रूपावरून एक अक्षरही बोलूं नये. भिडस्ताकडेही एक काम येतें. आपलीं जुनीं चित्रें त्यानें वारंवार पाहावींत. सरळ चेहऱ्याची ओळख झाली कीं त्याचा परकेपणा ओसरतो. कारण आवड पुष्कळ अंशीं परिचयानें बनते, आणि वीस वर्षांपूर्वीं ज्या चित्राचा राग आला होता त्यांतलाच मनुष्य आज त्याला देखणा वाटतो, हें ज्याचें त्यानें ताडून पाहावें.

चित्रांत येणें ही चैन आहे असें मानण्याचे दिवस गेले. मागें राहिलेल्यांस आपला चेहरा खरा दिसावा, कल्पित किंवा कातरलेला नव्हे, एवढें त्यांचें आपल्यावर ऋण आहे. तें फेडण्यास रूप लागत नाहीं, पैसा लागत नाहीं. क्षणभर हात तोंडावरून खालीं घ्यावा लागतो. ज्यांना तेंही जड वाटतें त्यांनीं खुशाल दूर उभे राहावें. परंतु त्या दूर राहण्यास विनयाचें नांव देऊन घरांतील लेकीसुनांना तो धडा गिरवावयास लावूं नये, एवढीच आमची मागणी आहे.